वाचकांची पत्रं : दुर्गाबाई

गेल्या अंकात एका वाचकाने ‘मुघल-ए-आझम’मधल्या जोधाबाईविषयी विचारलं होतं. उत्तर देताना मी सहज लिहून गेले, की ती जोधाबाई साकारणाऱ्या अभिनेत्री दुर्गा खोटे यांना ‘पडद्यावरची आई’ एवढ्यावर बसवून ठेवणं मला मुळीच रुचत नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की हा अंक दुर्गाबाईंनाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, त्याबद्दल रागावू नका. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी बावीस वर्षांची आहे, हौशी नाटकांत काम करते आणि आता हेच पुढे करायचं आहे. घरी विरोध आहे. आजी म्हणते, दुर्गा खोट्यांसारखी मोठ्या घरची बाई त्या काळात सिनेमात गेली, मग आता काय बिघडलं? बाबा म्हणतात, त्यांना घरचं पाठबळ असणार. खरं काय? (सांगली)

बाळ, आजींचं खरं आहे, पण त्यातला अर्धा भाग सांगायचा राहतो. मोठ्या घरची बाई सिनेमात गेली ती हौसेने गेली नाही. घर चालवायचं होतं म्हणून गेली.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव लाड. वडील सॉलिसिटर, कांदेवाडीत मोठं एकत्र कुटुंब. शिक्षण कॅथेड्रल हायस्कूलमध्ये, मग सेंट झेवियर्स कॉलेजात. त्या काळी आपल्याकडच्या किती मुली झेवियर्सच्या पायऱ्या चढल्या असतील, विचार कर. कॉलेज संपायच्या आत लग्न झालं, खोट्यांच्या श्रीमंत घरात. मग ती श्रीमंती बघता बघता ओसरली. पदरात बकुळ आणि हरिन ही दोन मुलं. दुर्गाबाई शिकवण्या करू लागल्या, पण शिकवण्यांवर घर चालत नाही. अशा वेळी १९३१ साली ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात एका छोट्या कामाची विचारणा आली आणि त्यांनी ती घेतली.

आता बाबांचा मुद्दा. चित्रपट अगदीच सामान्य निघाला आणि जाहिरातीत मात्र माहेर-सासरच्या नावांचा गाजावाजा झाला. आपल्या समाजात, आपल्या गिरगावात दुर्गाबाईंना तोंड दाखवणं कठीण झालं. हे सगळं त्यांनी ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे आणि ती पानं मी आजही सलग वाचू शकत नाही. याला जर कुणी पाठबळ म्हणत असेल, तर मला त्या शब्दाचा अर्थ कळत नाही.

यात माझं स्वतःचं काही गुंतलं आहे, तेही सांगते. आम्हीही गिरगावातलेच. वडील आजारी पडले तेव्हा माझी आई एका कचेरीत टेलिफोनवर बसायला जाऊ लागली. कधी रात्रपाळी असायची. चाळीतल्या बायका तिच्यासमोर गप्प असत आणि ती जिना उतरली की बोलत. मी जिन्याच्या कठड्याशी अभ्यासाला बसायची, मला सगळं ऐकू यायचं. आईला हे ठाऊक होतं. एकदा ती मला एवढंच म्हणाली, “दुर्गाबाईंना तर अख्खं गाव बोललं गं.” आईच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं. सिनेमा मी पुष्कळ नंतर पाहिला.

बाबांना इतकंच सांग, की दुर्गाबाईंच्या मागोमाग पाच-दहा वर्षांत वनमाला, लीला चिटणीस, शोभना समर्थ अशा शिकलेल्या मुली आल्या. त्यांच्यासाठी वाट थोडी तरी रुळली होती. आणि तू पदवी मात्र पूर्ण कर हो. दुर्गाबाईंना ती अर्ध्यावर सोडावी लागली होती.

‘अयोध्येचा राजा’मधली गाणी दुर्गाबाईंनी स्वतः म्हटली आहेत का? की पार्श्वगायन आहे? (नाशिक)

स्वतः. १९३२ साली पार्श्वगायन नव्हतंच, आपल्याकडे ते आलं १९३५ मध्ये. तुमच्या पत्रावरून वाटतं तुम्ही गाणारे आहात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कोल्हापूरला ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता, पुण्याला ते पुढच्या वर्षी गेले. शांतारामबापूंनी, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी, ‘फरेबी जाल’मधलं ते एवढंसं काम पाहून दुर्गाबाईंना तारामतीसाठी बोलावलं. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. गाणं चित्रित व्हायचं म्हणजे त्याच क्षणी म्हटलं जायचं आणि त्याच क्षणी ध्वनिमुद्रित व्हायचं. पेटी-तबलावाले कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसायचे. माइक कुठेतरी आड लपवलेला. गाणारी त्याच्यापासून हलली की आवाज पडला. मध्येच कुणी खोकलं, एखादा पाट सरकला, की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यावर भागत नाही, कारण चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोन भाषांत निघत होता. म्हणजे मराठीत जीव ओतून झालं की तेच सगळं पुन्हा हिंदीत.

‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची प्रत आज कुठेही शिल्लक नाही. ‘अयोध्येचा राजा’ आहे. मी तो पुण्याला चित्रपट रसास्वादाच्या शिबिरात पाहिला, लॉ कॉलेज रोडला, म्हणजे जिथे या चित्रपटानंतर ‘प्रभात’चा स्टुडिओ उभा राहिला त्याच जागेत. खोलीत पंखे गरगरत होते, पडद्यावर पावसासारख्या रेघा, आवाजात सतत खरखर. पहिली दहा मिनिटं मला काही समजेना. मग रोहिदासासाठीची अंगाई आली. आवाज कसलेल्या गायिकेचा नाही, वरच्या सुरात थोडा ताणतो. पण मान जराही हलत नाही, आणि सगळं काम डोळे करतात. माइकने अंगाला बांधून घातलं आहे, म्हणून उरलेलं सगळं चेहऱ्यावर आलं आहे. शिबिरात माझ्या शेजारी एक तरुण मुलगा सुरुवातीला हसत होता, तो या ठिकाणी गप्प झाला.

आणखी एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये हीच कथा पडद्यावर आणली, तेव्हा तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. शेवटी ते काम अण्णा साळुंखे या तरुणाने केलं, जो तोवर हॉटेलात काम करत होता. तिथून अवघ्या एकोणीस वर्षांत तारामतीच्या जागी झेवियर्सची विद्यार्थिनी उभी राहिली. माझ्या मते तो मराठी बोलपटाच्या सुरुवातीइतकाच मोठा प्रसंग आहे.

दुर्गाबाई गोव्याच्या की मुंबईच्या? आमच्याकडे यावरून वाद चालू आहे. (मडगाव)

घराणं मूळचं गोव्याचं, घरी बोलणं कोंकणी. जन्म आणि वाढ मुंबईची. तुम्ही दोघंही जिंकलात. ‘बॉबी’त त्यांना गोव्याच्या मिसेस ब्रिगांझाच्या पोशाखात बघितलंत तर तुम्ही अधिक जिंकलात.

आमच्या वडिलांकडे दुर्गाबाईंचा एक फोटो होता, शेजारी चक्क चित्ता! तो खरा होता का? (बेळगाव)

अगदी खरा. ‘माया मच्छिंद्र’, १९३२, पुन्हा ‘प्रभात’. पुरुषांचा द्वेष करणाऱ्या स्त्रियांच्या राज्यातली राणी, आणि तिच्या पायाशी पाळीव चित्ता. फोटो सापडला तर आरशासारखा जपून ठेवा. राणीची ऐट बाहेरून चढवता येत नाही, हे तो फोटो पाहिला की कळतं.

मी इंदूरला राहतो. आमचे आजोबा सांगत, दुर्गा खोटे कलकत्त्याला जाऊनही काम करीत. मराठी नटीला त्या काळी बंगालमध्ये कोण विचारणार? (इंदूर)

आजोबांचं बरोबर. १९३३ मध्ये न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’, पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा ‘सीता’. दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस, आणि दोन्हींत समोर पृथ्वीराज कपूर. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला.

पण मला तुमच्या प्रश्नातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या वेळी नटनट्या कंपनीच्या पगारावर असत. महिन्याचा पगार घ्यायचा, कंपनी देईल ते काम करायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. दुर्गाबाई ‘प्रभात’मध्ये एवढं नाव मिळवूनही एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. चित्रपटागणिक करार, आज कोल्हापूर-पुणे, उद्या कलकत्ता, परवा मुंबई. आज सगळेच असं काम करतात, तेव्हा बायकांत तर कुणी धजत नव्हतं. दोन मुलांची आई असलेल्या बाईने बांधील पगार नाकारून ही जोखीम घेतली, याचं मला जेवढं कौतुक आहे तेवढं कुठल्याही पुरस्काराचं नाही. पुरस्कार पुढे मिळालेच म्हणा, १९६८ ची पद्मश्री, मग १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार.

आणि बघा, ‘सीता’मधले राम-सीता सव्वीस वर्षांनी, १९६० मध्ये, ‘मुघल-ए-आझम’मध्ये अकबर-जोधाबाई म्हणून समोरासमोर आले. गेल्या अंकातला प्रश्न तोच होता. अकबर स्वतःच्या मुलाशी लढायला निघतो आणि जोधाबाईच्या हातून तलवार मागतो. पृथ्वीराजांचा आवाज दरबार हलवून सोडतो. त्याच्यासमोर दुर्गाबाई आवाज चढवत नाहीत. तलवार देताना हात पुढे येतो आणि अंग मागे राहतं, एवढंच. या दोघांना एकमेकांच्या कामाची लय किती ओळखीची असेल, हे त्या एका प्रसंगात दिसतं.

दुर्गा खोटे एवढ्या देखण्या आणि भारदस्त, मग त्यांनी खाष्ट सासूचं काम का स्वीकारलं? माझ्या सासूबाई अजून त्या चित्रपटाचं नाव काढतात. (पुणे)

‘पायाची दासी’, १९४१, आचार्य अत्र्यांचा चित्रपट, दिग्दर्शन गजानन जागीरदारांचं, छळ सोसणारी सून वनमाला. दुर्गाबाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. छत्तिशीत सासू व्हायला कुठली नायिका आजही तयार होईल का? त्या झाल्या, आणि अशा झाल्या की बायका थिएटरात त्यांच्या नावाने बोटं मोडत. लगेच पुढच्या वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी.

इथेच मला माझं म्हणणं नीट मांडू द्या. लोक म्हणतात सोज्वळ आई. अहो, जरा यादी डोळ्यांपुढे आणा. ‘अमर ज्योती’ची सौदामिनी, जिला राज्याचा कायदा स्वतःच्या पोराचा ताबा देत नाही आणि जी पेटून उठून समुद्रावर लूटमार करते. पुरुषद्वेष्टी राणी. सुनेला छळणारी सासू. नवऱ्याकडून वर वसूल करणारी कैकेयी. दुर्गाबाईंचं सर्वोत्तम काम हट्टी, संतापलेल्या, हक्क मागणाऱ्या बायकांचं आहे. आईच्या भूमिका मागाहून आल्या, आणि त्या आयांमध्येही हा जुना विस्तव राखेखाली असतो, म्हणून त्या रडक्या होत नाहीत. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना नेमकं जे लक्षात ठेवायचं ते लक्षात आहे.

आमच्या आई साहित्य संघाच्या नाटकांतल्या दुर्गाबाईंबद्दल फार बोलत. थोडं लिहाल का? (दादर)

लिहिते, आणि आनंदाने. मुंबई मराठी साहित्य संघाने १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ केलं, म्हणजे शिरवाडकरांनी मराठीत आणलेला ‘मॅकबेथ’. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल, नायक नानासाहेब फाटक, आणि नवऱ्याला खुनाकडे ढकलणारी ती बाई म्हणजे दुर्गाबाई. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त पुन्हा फाटक राघोबा आणि त्या आनंदीबाई. बघा, पुन्हा तीच जात, महत्त्वाकांक्षेने पेटलेली बाई. रंगभूमीवरच्या कामासाठी संगीत नाटक अकादमीने १९५८ मध्ये त्यांचा गौरव केला.

माझी आई ‘राजमुकुट’ला गेली होती, कचेरीतल्या एका मैत्रिणीबरोबर. घरी सांगून गेली नव्हती. त्या रात्री आल्यावर तिने चहा टाकला आणि तो उकळून उतू गेला तरी ती खिडकीपाशीच उभी होती, ही गोष्ट तिने मला म्हातारपणी सांगितली. तुमच्या आईंना आणि माझ्या आईला एकमेकींशी बोलायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

हो, एक राहिलं. विजया मेहता या एके काळी दुर्गाबाईंच्या सूनबाई, हरिन यांच्या पत्नी होत्या. म्हणजे एकाच घरात मराठी रंगभूमीच्या दोन पिढ्या.

माझा नातू अठरा वर्षांचा आहे, जुने चित्रपट बघायला तयार आहे. त्याला दुर्गा खोटे कुठून दाखवू? (ठाणे)

तयार आहे म्हणता, तर हा योग सोडू नका. पण ‘अयोध्येचा राजा’पासून सुरुवात करू नका, आवाजाच्या खरखरीने तो उठून जाईल. ‘अभिमान’ लावा, त्यातली मावशी बघू दे. मग ‘मुघल-ए-आझम’. इंग्रजी चालत असेल तर ‘द हाउसहोल्डर’ जरूर दाखवा, १९६३ चा, इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरींचा पहिला कथापट. शशी कपूर नवखा नवरा आणि दुर्गाबाई त्याची आई. मुलाच्या संसारात पदर खोचून शिरलेली ती आई घराघरांतली आहे, नातवाला हसूही येईल. ‘बिदाई’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, तो नंतर बघितला तरी चालेल. ‘अमर ज्योती’ मात्र शेवटी, आणि तुम्ही शेजारी बसून. तोवर त्याला त्या आवाजाची ओळख झालेली असेल आणि एकतीस वर्षांच्या दुर्गाबाई बघून तो चकित होईल.

आत्मचरित्र कुठे मिळेल? माझ्या मुलींना मराठी वाचता येत नाही. (न्यू जर्सी)

मूळ मराठी पुस्तक १९८२ चं. इंग्रजी अनुवाद शांता गोखल्यांनी केला आहे, ‘आय, दुर्गा खोटे’ या नावाने, तो मुलींना द्या. पण एखादं पान तुम्ही स्वतः मराठीतून मोठ्याने वाचून दाखवा. दुर्गाबाईंचं मराठी साधं, सरळ, हिशेब मांडल्यासारखं आहे. किती मिळाले, कुठे गेले, कुणी काय बोललं, सगळं स्वच्छ. माझ्या प्रतीला खाकी कव्हर आहे, आईने घातलेलं, आणि त्यावर तिच्या अक्षरात पुस्तकाचं नाव लिहिताना स्वल्पविराम आठवणीने दिलेला आहे. ‘मी’, मग स्वल्पविराम, मग नाव.

‘वागळे की दुनिया’च्या वेळी पडद्यावर दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स असं नाव यायचं. त्या याच का? (कल्याण)

याच. अभिनयाच्या जोडीने त्यांनी लघुपट आणि जाहिरातपट काढण्याचा व्यवसाय उभा केला होता आणि वर्षानुवर्षं चालवला. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरची ती मालिका दूरदर्शनवर १९८८ मध्ये आली, दिग्दर्शन कुंदन शहांचं. दुर्गाबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या. त्यानंतर तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर १९९१ ला, त्यांचं निधन झालं.

आमच्या घरी ती मालिका लागायची तेव्हा आई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघ्यांमुळे तिला चटकन उठता यायचं नाही. मालिकेचं संगीत सुरू झालं की ती स्वयंपाकघरातूनच विचारायची, “आलं का गं बाईंचं नाव?” आणि मी “आलं” म्हटल्याशिवाय पोळी उलटायची नाही.